मोजून झाले, आवरायचे राहिले

रोह्यातला अत्यवस्थ रुग्ण पेणला किंवा अलिबाग-मुंबईकडे हलवायचा झाला, की पहिला फोन १०८ला जातो. राज्यात २०१४पासून सुरू असलेली ही सेवा संगणकावर विसंबून आहे. केसपेपर आणि तपासण्यांचे अहवालही अनेक ठिकाणी संगणकावर आले आहेत. त्यामुळे संगणक का गोठतो, हा प्रश्न आरोग्याचाही ठरतो.

लंडनच्या रुग्णवाहिका सेवेला याचा अनुभव ४ नोव्हेंबर १९९२ला आला. गाड्या पाठवणारी यंत्रणा मंदावत मंदावत बंद पडली. कारण साधे होते. प्रत्येक गाडी पाठवताना ती थोडी मेमरी वापरायला घेई, पण परत करीत नसे. सुमारे तीन आठवड्यांत मेमरी संपली आणि कर्मचारी पुन्हा कागदावर आले.

अशीच चूक २०२०मध्ये लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये सापडली. तीही संगणकाची कामगिरी मोजणाऱ्या भागात! रुग्णाला मॉनिटर लावतात, तसा हा भाग प्रोसेसरवर लक्ष ठेवतो. मोजणी ठरावीक फाइलपुरती करायची असेल, तर तो फाइलचे नाव मेमरीत लिहून ठेवतो. काम संपल्यावर ती जागा मोकळी व्हायला हवी. ती तीन प्रकारे अडकून राहू शकत होती: पहिले नाव न पुसता दुसरे लिहिले तर, काम नीट पार पडले तर आणि मध्येच फसले तरीही. कोणी हे मुद्दाम वारंवार घडवून आणले, तर मेमरी संपून संगणक ठप्प होण्याचा धोका होता. दुरुस्ती मात्र लहानशी होती: कोणत्याही वाटेने बाहेर पडताना जागा मोकळी करायचीच.

शस्त्रक्रियागृहात हाच नियम असतो. टाके घालण्यापूर्वी मॉप मोजले जातात. शस्त्रक्रिया सुरळीत झाली म्हणून मोजणी टळत नाही आणि ती अर्ध्यावर थांबवावी लागली, तरीही टळत नाही.

रुग्णालयांनी आणि दवाखान्यांनी यातून एवढे घ्यावे: संगणकाचे सुरक्षा अपडेट पुढे ढकलू नयेत. संगणक दिवसागणिक मंदावत असेल, तर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तात्पुरता आराम पडतो. पण तो तापावरच्या गोळीसारखा आहे. आजाराचे मूळ तंत्रज्ञाकडून शोधून घ्यावे. आणि कागदी नोंदवही नेहमी हाताशी ठेवावी. संगणक अडला, तरी रुग्णाला थांबायला लागू नये.