काय झाडी, काय डोंगार… शहाजीबापूंच्या बोलीत नीळूभाऊ होते की दादा कोंडके?

जून २०२२. शिवसेनेत बंड झालेलं आणि एकनाथ शिंदेंसोबतचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला पोहोचलेले. सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलणं झालं. कार्यकर्त्याचा प्रश्न साधा होता, कुठं आहात? बापू म्हणाले, "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील!"

क्लिप बाहेर आली आणि दोन दिवसांत महाराष्ट्र तेच बोलायला लागला. मीम्स झाले, गाणी झाली.

आता खरं सांगायचं तर त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं. सांगोला हा दुष्काळी पट्टा. तिथल्या माणसाला आसामातला हिरवागार डोंगर दिसला की तो असंच बोलणार. आणि 'हाटील' हा विनोद पुण्या-मुंबईच्या कानाला. सांगोल्यात सगळेच तसं बोलतात, तिथं त्यात हसण्यासारखं काय?

पण मग महाराष्ट्राला बापू इतके आपले का वाटले? कारण हा आवाज सिनेमानं आधीच ओळखीचा केला होता.

'सोंगाड्या'तले दादा कोंडके आठवा. भोळाभाबडा, बावळट वाटणारा गडी. त्याच्या हातात सत्ता नाही, पैसा नाही. गावरान बोली हीच त्याची ढाल, म्हणून आपण त्याच्या बाजूनं हसतो.

दुसरीकडे १९७४ चा 'सामना'. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांची पटकथा. नीळू फुलेंचा हिंदुराव धोंडे पाटील हाही गावचाच माणूस, बोलणंही घरगुती. दारुड्या मास्तरला घरी आणतो, खाऊ-पिऊ घालतो. पण सगळी सत्ता त्याच्या मुठीत आहे. मास्तर मात्र पाहुणचारानं गप्प बसत नाही. मारुती कांबळेचं काय झालं, एवढंच तो विचारत राहतो आणि हिंदुरावाचं साम्राज्य हलतं.

बापू म्हणजे हिंदुराव, असं अजिबात नाही. १९९५ मध्ये गणपतराव देशमुखांसारख्या दिग्गजाला हरवणारा, पण २०१९ ला अवघ्या ७६८ मतांनी निवडून आलेला हा नेता. गंमत अशी की, बोलत होता सत्ता उलथवायला निघालेला आमदार आणि लोकांनी ऐकला तो दादांचा सोंगाड्या.

'कुठं' याचं उत्तर झाडी-डोंगारात मिळालं. मतदारांनी ज्या आमदाराला मुंबईच्या विधानसभेत पाठवलं तो आसामच्या हॉटेलात 'का' आहे, हे त्या हशात कुणी विचारलंच नाही. 'सामना'त तो प्रश्न धरून ठेवणारा मास्तर होता. इथं सगळे रील बनवण्यात गुंतले होते.

सांगोल्याच्या मतदारांना ही बोली रोजचीच. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी शेतकरी कामगार पक्षाच्या डॉ. बाबासाहेब देशमुखांना निवडून दिलं. ते गणपतरावांचे नातू.