हात चालला तर रोजी चालते
कारागिरांच्या मनगटाचे दुखणे आणि त्यावरचे साधे उपाय

अर्जुनी मोरगावचा परिसर धानाचा, तसाच तेंदूपत्त्याचा. गोंदिया-भंडाऱ्याकडचा बिडीधंदा आता पूर्वीइतका उरलेला नाही. पण या धंद्याने हजारो बायांचे हात वर्षानुवर्षे एकाच चाकोरीत फिरवले. पान कापणे, तंबाखू भरणे, वळणे, दोरा बांधणे, तोंड दुमडणे. एका बिडीला पाच हालचाली धरल्या, तर हजार बिड्यांना पाच हजार झाल्या. तीच गत शिलाई मशीनवर बसणाऱ्या टेलरमास्तरची, कात्री चालवणाऱ्याची आणि दिवसभर पाना फिरवणाऱ्या मेकॅनिकची.

या दुखण्याला लोक ‘नस चढली’ म्हणतात. खरे कारण वेगळे आहे. बोटे हलवणाऱ्या शिरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, मनगटातील एका अरुंद बोगद्यातून जातात. सतत घासून त्या सुजल्या की शेजारची मज्जातंतूची नाडी दाबली जाते. मग अंगठा, तर्जनी, मधले बोट यांना मुंग्या येतात. करंगळी बहुधा सुटते. रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागतो. मधुमेह असलेल्यांना हा त्रास लवकर गाठतो.

कारागिरांच्या रोगांवर इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी 1700 साली ग्रंथ लिहिला. बसून काम करणाऱ्यांनी निदान सुटीच्या दिवशी तरी शरीराला व्यायाम द्यावा, असा त्यांचा सल्ला होता. आपल्याकडे अडचण अशी की मजुरी हजारी किंवा नगावर मिळते. हात थांबला की पैसा थांबला. रमजान ईदच्या आधीचे पंधरा दिवस टेलर रात्रीचा दिवस करतो, आणि दुखणे बहुधा तेव्हाच डोके वर काढते.

म्हणून विश्रांती छोटी आणि वारंवार हवी. अर्ध्या तासाने दोन मिनिटे पुरेत. हात खाली सोडून सैल झटकावेत, खांदे मागे फिरवावेत, पोट फुगेल असा सावकाश श्वास चार-पाच वेळा घ्यावा. खांदे कानाकडे चढलेले असतात, हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. नंतर हात समोर सरळ धरून दुसऱ्या हाताने बोटे हळूच मागे ओढावीत, पंधरा-वीस सेकंद थांबावे, मग तसेच खाली. ताण जाणवावा, कळ येऊ नये. कळ आली तर तिथेच सोडून द्यावे.

बिडी वळणारीने पाठ भिंतीला टेकवावी आणि सुपाखाली पाट ठेवावा, म्हणजे मान कमी वाकते. सारी पाने आधी कापून मग सगळ्या बिड्या वळण्यापेक्षा थोडे कापावे, थोडे वळावे. हाताला बदल हीही विश्रांतीच. टेलरने स्टुलाची उंची अशी ठेवावी की कोपर मशीनच्या पाटाला समांतर येईल. कटिंग उभ्याने करायचे असेल तर टेबल कोपराच्या किंचित खाली असावे. बोथट कात्री मनगटाची वैरीण आहे. मूठ बारीक असेल तर तिला कापड गुंडाळावे. दुकानमालकाने धार लावण्याचे पैसे वाचवू नयेत. कारागीर घरी बसला तर ईदच्या ऑर्डरी कोण पुऱ्या करणार?

औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी घेऊन काम तसेच रेटणे हा सर्वात वाईट मार्ग. दुखणे झाकले जाते, झीज चालूच राहते. दुखऱ्या मनगटाला जोरजोराने मालीश करणेही टाळावे. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपल्यास पुष्कळांना आराम पडतो.

मात्र बधिरपणा दिवसाही राहू लागला, सुई हातातून निसटू लागली किंवा अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा बसू लागला, तर घरगुती उपायांवर वेळ घालवू नये; डॉक्टरांना दाखवावे. दाबलेली नाडी मोकळी करण्याची शस्त्रक्रिया लहान असते, हात तेवढा बधिर करून होते आणि बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. पण त्यानंतर काही आठवडे त्या हाताला जड काम देता येत नाही, आणि नगावर मजुरी घेणाऱ्याच्या घरात ते आठवडे बिनमजुरीचे असतात.