बिऱ्हाड पाठीवर की वाड्यात?

मुलगा नोकरीवाला बरा की धंदेवाला, हा वाद आपल्याकडे जुना. हल्ली त्याच्या जोडीला घरोघरी एक नवा वाद आला आहे: गेम खेळायला लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप? दुकानदार दोहोंचीही तोंडभर स्तुती करतो. त्याला दोन्ही विकायचे असतात. तेव्हा निवाडा आपला आपणच केलेला बरा.

या यंत्राचा प्राण म्हणजे ग्राफिक्स कार्ड. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० डेस्कटॉपसाठी २०२२ साली बाजारात आले. कोअर १६,३८४, मेमरी २४ जीबी आणि भूक ४५० वॉटची! पुढच्याच वर्षी हेच नाव घेऊन ते लॅपटॉपमध्ये अवतरले, तेव्हा कोअर उरले ९,७२८, मेमरी १६ जीबी आणि भूक दीडशे वॉटच्या आसपास. नाव थोरल्याचे, अंगकाठी धाकट्याची! पण यात निरुपायही आहे. जितकी वीज खावी तितकी उष्णता बाहेर पडणार. बोटभर जाडीच्या डब्यातून साडेचारशे वॉटची धग काढायची कशी?

मधल्या किमतीत मात्र चित्र पालटते. २०२३ सालच्या आरटीएक्स ४०६०मध्ये कोअर दोहोंकडे सारखेच, ३,०७२. फक्त लॅपटॉपवाला ते ३५ ते ११५ वॉट यांतल्या कोणत्याही मापावर बसवू शकतो. म्हणून दुकानात नुसते नाव विचारू नये, वॉट विचारावेत.

डेस्कटॉपचा मोठा गुण असा की, कार्ड जुने झाले तर तेवढेच काढून नवे बसवता येते. लॅपटॉपमध्ये ते बहुधा डाख देऊन पक्के केलेले असते. संसार मोडायचा तर सगळाच. उलट डेस्कटॉपच्या किमतीत मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि वीज जाणाऱ्या गावी यूपीएस हेही धरावे लागतात. लॅपटॉपला बॅटरी असते खरी. पण विमानात विनापरवाना १०० वॉट-तासांपर्यंतचीच नेता येत असल्यामुळे ती त्याच्या आतच ठेवतात. जड गेम लावला की तासाभरात तिने मान टाकलीच, आणि तोवर वेगही मंदावलेला. तेव्हा फिरता झाला तरी खेळाच्या वेळी तो भिंतीलाच बांधलेला!

एवढे ज्ञान गाठीशी असूनही साताऱ्याच्या माझ्या धाकट्या बहिणीने मला पेचात टाकले. तिचा मुलगा पुण्यात नोकरीला. यंत्राला निम्मे पैसे तिचे. ती म्हणाली, “दादा, डेस्कटॉपच सांग. तो घरी राहील, मग पोरगा शनिवार-रविवारी तरी तोंड दाखवील.” भाचा म्हणाला, “मामा, खोलीचा करार अकरा महिन्यांचा. दर वर्षी ते धूड कुठे वाहू?”

दोघांचेही खरे होते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. त्याला वाडा देऊन काय उपयोग? मी कौल लॅपटॉपला दिला, ११५ वॉटचा, मधल्या किमतीचा. ज्याचे टेबल दहा वर्षे हलायचे नाही, त्याला मी डोळे मिटून डेस्कटॉपच सांगेन. मात्र उरलेल्या पैशांत एक सत्तावीस इंची मॉनिटर घेऊन तो साताऱ्याच्या माजघरात ठेवायला लावला. केबल जोडली की झाले.

दिवाळीपर्यंत भाचा चार वेळा घरी येऊन गेला. मोठ्या पडद्यासाठी येतो, असे तो म्हणतो. बहीण काही बोलत नाही. ती फक्त शनिवारी दोन पोळ्या जास्त लाटते.