४० केबीचा गेम आणि तुमचा धंदा: दुसऱ्याचं घ्यायचं किती, स्वतःचं घालायचं किती?



ट्रेनिंगमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, माझी आयडिया काही नवीन नाही. आमच्याच एरियात चार जण तेच करतायत. मग मी करू की नको?"

आज याचं उत्तर जरा वेगळ्या बाजारात शोधूया. जुन्या व्हिडिओगेमच्या.

तुमच्यापैकी जे नव्वदच्या दशकात लहान होते, त्यांना टीव्हीला जोडायचा तो गेम आठवत असेल. कॅसेटमध्ये फुंकर मारायची, मग ती खाचेत दाबायची. कॅसेटवर लिहिलेलं असायचं "९९९९ इन १". लावली की कळायचं, गेम मोजकेच आहेत! बाकी सगळे तेच, फक्त नाव बदललेलं किंवा सुरुवातीची लेव्हल बदललेली. आपल्याकडे बहुतेक घरांत आलेली मशीनसुद्धा नक्कलच होती. निन्टेंडोने १९८३ साली जपानमध्ये 'फॅमिकॉम' आणि १९८५ पासून अमेरिकेत 'एनईएस' नावाने विकलेल्या मशीनची.

कंपनीने ती मशीन बनवणं कधीच बंद केलं. पण जगभरात काही लोक आजही तिच्यासाठी नवीन गेम बनवतात. घरी बसून, एकटे किंवा दोघं-तिघं मिळून. खऱ्या कॅसेटवर छापून विकतातही. याला म्हणतात 'होमब्रू' गेम. बाजार छोटा, गिऱ्हाईक मात्र पक्कं. आणि यातल्या प्रत्येकाला तुमचाच प्रश्न पडतो: मशीन जुनी, प्रकार जुना, मग यात माझं काय?

१) कमी जागा, कमी भांडवल: तिथूनच डोकं चालतं

२०१९ साली 'मायक्रो मेजेस' नावाचा गेम आला. मॉर्फकॅट गेम्स या छोट्या टीमने तो एनईएससाठी बनवला. अख्खा गेम फक्त ४० किलोबाइटचा. ३२ केबीत प्रोग्राम, ८ केबीत चित्रं. सकाळी व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा बऱ्याचदा यापेक्षा मोठा असतो! १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'लाही एवढीच जागा होती. पण मायक्रो मेजेसमध्ये चार जण एकाच वेळी खेळू शकतात.

कसं जमवलं? मोठ्या पात्राला चित्रांची जागा जास्त लागते, म्हणून पात्रं चिमुकली ठेवली. मग नावही तसंच दिलं, 'मायक्रो'. म्हणजे जी कमतरता होती, तीच ओळख झाली. स्क्रीनचा अर्धा भाग साठवायचा आणि उरलेला अर्धा आरशासारखा उलटा करून दाखवायचा, अशा युक्त्या केल्या.

पुढचं नीट बघा. या युक्त्या त्यांनी लपवल्या नाहीत. ४० केबीत गेम कसा बसवला, याचा व्हिडिओच यूट्यूबवर टाकला. आणि गेमसाठी पैसे किकस्टार्टरवर लोकांकडून आधीच गोळा केले. आपल्या भाषेत, ॲडव्हान्स बुकिंग घेऊन मग माल काढला.

आता तुमच्याकडे या. घरी एकच ओव्हन आहे आणि तुम्ही केकचा धंदा सुरू करताय. ५० प्रकारांचा मेनू लावलात, तर मोठ्या बेकरीची फिकी नक्कल होईल. त्याऐवजी "आमच्याकडे चारच केक, आदल्या दिवशी ऑर्डर दिली तरच" असं ठरवलंत, तर तीच तुमची ओळख होईल. आणि केक कसा बनतो, हे गिऱ्हाइकाला बिनधास्त दाखवा.

२) कल्पना घ्या, कपडे सोडा

दुसरं उदाहरण. २००७ साली कॉम्प्युटरवर 'आय वॉना बी द गाय' नावाचा फुकट गेम आला. भयंकर अवघड. त्यात वेगवेगळ्या जुन्या गेममधली पात्रं आणि चित्रं सरळ उचलून वापरली होती. तो गंमत म्हणून केलेला प्रकार होता.

यावरून प्रेरणा घेऊन सिवाक गेम्सने २०१० साली एनईएससाठी 'बॅटल किड' काढला. त्यांनी काय घेतलं? अवघडपणा. पुन्हा पुन्हा मरायचं, पुन्हा उठायचं, ही मजा. काय सोडलं? उसनी पात्रं. हिरो स्वतःचा, शत्रू स्वतःचे, खोल्यांची मांडणी स्वतःची. म्हणून तो गेम कॅसेटवर विकता आला आणि २०१२ साली त्याचा दुसरा भागही आला.

लक्षात घ्या, कल्पनेवर कॉपीराइट नसतो. ती कल्पना ज्या रूपात मांडली, त्या रूपावर असतो. नाव आणि लोगोवर ट्रेडमार्क असतो. समोरच्याची मिसळ चालते म्हणून तुम्ही मिसळ विकू शकता. पण त्याच्या नावात एक अक्षर बदलून, त्याच रंगाचा बोर्ड लावून विकाल, तर अडकाल.

३) उसन्या नावावर बांधलेलं घर

हा गेम जुन्या मशीनसाठीचा नव्हता, कॉम्प्युटरवरचा होता. पण धडा मोठा आहे, म्हणून सांगतो. अर्जेंटिनातल्या एका डेव्हलपरने निन्टेंडोच्या जुन्या 'मेट्रॉइड २' ची नवी आवृत्ती स्वतः बनवली. बरीच वर्षं खपला. ६ ऑगस्ट २०१६ ला, मेट्रॉइडच्या तिसाव्या वाढदिवशी, ती लोकांना फुकट दिली. लोकांनी डोक्यावर घेतली. काही दिवसांतच निन्टेंडोची कायदेशीर नोटीस गेली आणि डाउनलोडच्या लिंक काढाव्या लागल्या.

कामात खोट नव्हती. मेहनत खरी होती, एक पैसाही घेतला नव्हता. तरी नाव दुसऱ्याचं होतं, त्यामुळे किल्ली दुसऱ्याच्या हातात होती.

पुढे याच माणसाला 'ओरी अँड द विल ऑफ द विस्प्स' या मोठ्या गेमवर काम मिळालं. म्हणजे कौशल्य त्याचंच होतं, ते कोणी काढून घेऊ शकलं नाही. नाव गेलं, कारण ते त्याचं नव्हतंच.

तुम्ही म्हणाल, मोठ्या ब्रँडच्या नावाने गिऱ्हाईक लवकर येतं. येतं ना! पण ते त्या ब्रँडचं गिऱ्हाईक असतं. उद्या तुम्ही बोर्ड बदललात, की ते पुढच्या दुकानात.

४) अवजार सगळ्यांकडे आहे

२०१९ पासून 'जीबी स्टुडिओ' नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. निन्टेंडोच्या जुन्या गेम बॉयसाठी, प्रोग्रामिंग न शिकताही, त्यात गेम बनवता येतो. सोबत तयार नमुना येतो. त्या नमुन्यात फक्त चित्रं बदललीत, तर तुमचा गेम इतर दहा जणांसारखाच दिसणार.

आपल्या धंद्यातही तेच झालंय. लोगोचं ॲप, मेनूचं टेम्प्लेट, होलसेलवाला, सगळं सगळ्यांना मिळतं. अवजार फुकट झालं की किंमत उरते ती तुम्ही त्यात काय घालता याची.

आजचा गृहपाठ

वही काढा आणि पानावर तीन रकाने आखा.

- घेतलं: धंद्याचा प्रकार, पद्धत, कोणाकडून काय शिकलात. इथे लाजू नका, प्रामाणिकपणे लिहा.
- सोडलं: दुसऱ्याचं नाव, लोगो, फोटो, पॅकिंग, मेनूतले शब्द. यातलं काही अजून वापरत असाल, तर त्यासमोर तारीख टाका आणि त्या तारखेआधी बदला. नवीन नाव पक्कं करण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाइटवर शोधा, शोधायला पैसे लागत नाहीत.
- घातलं: जे फक्त तुमच्याकडेच मिळतं. एक ओळ पुरे. पण ती ओळ तुमच्या गिऱ्हाइकालाही सांगता आली पाहिजे.

तिसरा रकाना रिकामा राहिला, तर दुकान उघडायची घाई करू नका. आधी तुमच्या अडचणींची यादी करा: जागा कमी, पैसे कमी, वेळ कमी, माणसं कमी. बहुतेक वेळा तिसऱ्या रकान्याचं उत्तर याच यादीत सापडतं. मायक्रो मेजेसवाल्यांना ते ४० केबीत सापडलं होतं.

आणि तिसऱ्या रकान्यात एक जरी खरी ओळ असेल, तर "ऑलरेडी चार जण करतायत" ही चिंता सोडा. पाचवे तुम्ही. कामाला लागा!