‘घाशीराम कोतवाल’ : एका वादग्रस्त नाटकाचे संगीत

भजनाने मन शांत व्हावे, अशी आपली समजूत. तेच भजन ऐकून अंगावर काटा यावा, असा प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. विजय तेंडुलकर यांचे ‘घाशीराम कोतवाल’ ते हेच. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे व संगीत भास्कर चंदावरकर यांचे होते.

कथा पेशवाईतील. कनौजहून आलेल्या घाशीरामावर पुण्यात चोरीचा आळ येतो. अपमानाने पेटलेला तो आपली मुलगी नाना फडणविसांच्या हवाली करून कोतवाली मिळवितो व शहरास छळतो. परंतु या नाटकाची खरी करामत रंगमंचावर ओळीने उभ्या राहणाऱ्या पुरुषांत आहे. तेच गातात, तेच नाचतात, तेच पाठमोरे होऊन भिंत बनतात. भिंतीआड पाप चालले असता पुढे नामघोष सुरूच असतो. कीर्तनाची लावणी केव्हा झाली, ते कळतही नाही. जुन्या संगीत नाटकांतील पदे कानाला सुखवीत. येथे ती गोडीच पापावर पांघरूण घालते. नुसत्या आरडाओरड्याने हा धक्का बसला नसता, असे आम्हांस वाटते.

वाद उठला तो नानांच्या चित्रणावरून आणि ब्राह्मणांच्या बदनामीच्या आरोपावरून. हे नाटक अनैतिहासिक आहे, असे तेंडुलकरांनी सांगितले. तथापि एकोणीस प्रयोगांनंतर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेनेच ते थांबविले. कलावंत बाहेर पडले. १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अ‍ॅकॅडमी काढली व १९७४ मध्ये खेळ पुन्हा उभा केला. पुढे १९७६ मध्ये त्यावर चित्रपट निघाला, आणि १९८० मध्ये विरोधास तोंड देत ही मंडळी युरोपात गेली. एका थोर मुत्सद्द्याचे नाव असे वापरलेले पाहून दुखावलेल्यांचे दुःख आम्ही खोटे मानीत नाही.

इतिहासातील घाशीराम १७९१ मध्ये जमावाच्या दगडांनी मेला. त्याच्या कैदेत काही ब्राह्मण गुदमरून मेले होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार पाहणाऱ्या आम्हां पांढुर्णेकरांना दगड नवा नाही. तेथे दोन काठ तरी स्पष्ट असतात. नाटकात मात्र दगड उचलणारे हात, काल भिंत होऊन उभ्या राहिलेल्यांचेच. ज्यांनी त्याला कोतवाल केले ते नानाच त्याला जमावाच्या स्वाधीन करतात, संकट टळले म्हणून उत्सवाचा हुकूम सोडतात, आणि ती ओळ पुन्हा गाऊ लागते.