जैववैद्यक विज्ञानातील संशोधक विद्यार्थी व पोस्टडॉक यांचा कारकीर्द विकास : मार्गदर्शकाची भूमिका

प्रस्तावना

जैववैद्यक विज्ञानात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे एकेकाळी एकच वाट स्पष्ट दिसत असे. पदवी मिळवावी, दोन-तीन वर्षे एखाद्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक म्हणून काम करावे आणि मग विद्यापीठात रुजू होऊन स्वतःची प्रयोगशाळा उभारावी, असा तो क्रम होता. आज ही वाट नाहीशी झालेली नाही. परंतु तिच्यावरून शेवटपर्यंत जाणाऱ्यांची संख्या कमी झाली आहे. संशोधन प्रशिक्षणाची रचना मात्र सर्व विद्यार्थी त्याच वाटेने जाणार आहेत, असे गृहीत धरूनच चालते. या विसंगतीची किंमत विद्यार्थ्याला आपल्या वयाच्या पंचविशी ते चाळिशीच्या काळात मोजावी लागते. कारकीर्द विकास ही पदवीनंतर सुरू होणारी बाब नसून तो संशोधन प्रशिक्षणाचाच भाग आहे, हा विचार प्रस्तुत लेखात मांडला आहे. या प्रश्नाचा सर्वाधिक पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत झाला असल्याने आणि महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थी पोस्टडॉकसाठी तेथेच जात असल्याने प्रथम तेथील अनुभवाचा आढावा घेतला आहे. त्यानंतर आपल्याकडील परिस्थितीचा विचार केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

हा प्रश्न समजण्यासाठी साधे गणित पुरेसे आहे. एखाद्या मार्गदर्शकाने तीस वर्षांच्या सेवेत बारा विद्यार्थ्यांना पीएच.डी. मिळवून दिली, असे उदाहरणादाखल मानू. तो निवृत्त झाल्यावर त्याची एक जागा रिकामी होते. नवीन पदे निर्माण झाली नाहीत, तर बारा जणांपैकी एकालाच ती जागा मिळेल. उरलेल्या अकरा जणांना दुसरीकडे काम शोधावे लागेल. या अकरा जणांची गुणवत्ता कमी होती, असा याचा अर्थ नव्हे. संस्था वाढत होत्या आणि पदे भरली जात होती, तोवर हे गणित जाणवले नाही. वाढ मंदावताच ते उघडे पडले.

जैववैद्यक क्षेत्रात त्याची तीव्रता अधिक असण्याचे कारण कामाच्या स्वरूपात आहे. पेशी वाढवणे, प्राण्यांवरील प्रयोग करणे, नमुने तपासणे ही कामे मनुष्यबळाशिवाय होत नाहीत आणि हे मनुष्यबळ मुख्यतः विद्यार्थी व पोस्टडॉक यांचेच असते. त्यामुळे किती विद्यार्थी घ्यावेत, हे पुढे किती पदे उपलब्ध होणार यावरून ठरत नाही. चालू प्रकल्पाला किती हात हवेत, यावरून ते ठरते. शिकणारा आणि राबणारा या दोन भूमिका एकाच व्यक्तीत एकवटल्यामुळे शिकणाऱ्याचे हित मागे पडण्याचा धोका नेहमीच राहतो.

अमेरिकेतील अनुभव

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९८ मध्ये जीवशास्त्रज्ञांच्या सुरुवातीच्या कारकिर्दीविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. शर्ली टिलगमन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पीएच.डी. विद्यार्थ्यांच्या संख्यावाढीला आवर घालावा आणि विद्यार्थ्यांना नोकरीच्या शक्यतांची खरी माहिती द्यावी, असे सुचविले होते. मात्र १९९८ ते २००३ या काळात राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा, म्हणजे एनआयएचचा, अर्थसंकल्प सुमारे दुप्पट झाला. प्रयोगशाळा विस्तारल्या आणि हा इशारा मागे पडला. पुढे निधीची वाढ थांबली, तेव्हा प्रशिक्षित मनुष्यबळ मोठे आणि स्वतंत्र संशोधनाच्या जागा थोड्या, अशी स्थिती निर्माण झाली.

एनआयएचच्या कार्यगटाने २०१२ मध्ये सादर केलेल्या अहवालात या स्थितीचे चित्र आढळते. विद्यापीठातील कायम किंवा कायम होऊ शकणाऱ्या पदांवर पोहोचणाऱ्या जैववैद्यक पीएच.डी.धारकांचे प्रमाण १९९३ मध्ये सुमारे ३४ टक्के होते; ते सुमारे २६ टक्क्यांवर आले होते. स्वतंत्र संशोधनासाठीचे पहिले मोठे अनुदान मिळताना पीएच.डी.धारकाचे सरासरी वय सुमारे ४२ वर्षे होते. त्याच अहवालातील आणखी एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. या पदवीधरांमध्ये बेकारीचे प्रमाण अत्यल्प होते. म्हणजे काम मिळत नाही, ही मुख्य अडचण नव्हती. जे काम मिळते, त्याची तयारी प्रशिक्षणात झालेली नसते आणि ते मिळेपर्यंत उमेदीची अनेक वर्षे तात्पुरत्या पदावर जातात, ही खरी अडचण होती.

डग्लस प्रॅशर यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. जेलीफिशमधील हिरव्या प्रकाशमान प्रथिनाचे जनुक त्यांनी वेगळे केले आणि १९९२ मध्ये ते प्रसिद्ध केले. संशोधनासाठी पुढील निधी न मिळाल्याने त्यांनी ते काम सोडले. परंतु जनुकाचे नमुने इतर शास्त्रज्ञांना दिले. याच प्रथिनावरील कार्यासाठी २००८ मध्ये तिघा शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी प्रॅशर मोटारविक्रीच्या एका दुकानात ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. एका उदाहरणावरून सर्वसाधारण नियम काढता येत नाही. तथापि प्रयोगशाळेतील कौशल्य आणि कारकीर्द घडविण्याचे कौशल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यावरून ध्यानात येते.

वैयक्तिक विकास आराखडा

या परिस्थितीवरील उपायांपैकी सर्वांत साधा आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे वैयक्तिक विकास आराखडा. २०१२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या संस्थेने विज्ञानातील पीएच.डी. विद्यार्थी व पोस्टडॉक यांच्यासाठी अशा आराखड्याचे संगणकीय साधन उपलब्ध करून दिले. २०१३ मध्ये एनआयएचने अनुदानप्राप्त संस्थांना असे आराखडे वापरण्यास प्रोत्साहन दिले.

या आराखड्याचे चार टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात विद्यार्थी आपली कौशल्ये, आवडी आणि मूल्ये लिहून काढतो. दुसऱ्यात तो त्यांच्याशी जुळणाऱ्या कार्यक्षेत्रांची माहिती घेतो व त्या क्षेत्रांतील व्यक्तींशी बोलतो. तिसऱ्यात पुढील वर्षासाठी निश्चित उद्दिष्टे ठरवितो. चौथ्या टप्प्यात मार्गदर्शकाशी चर्चा होते आणि दरवर्षी आराखडा सुधारला जातो. आराखडा विद्यार्थ्याने लिहायचा असतो. मार्गदर्शकाने तो ऐकून घ्यायचा असतो. हा भेद विसरला, तर आराखडा प्रगती अहवालाची आणखी एक प्रत होऊन बसतो.

'बेस्ट' उपक्रम आणि मार्गदर्शकांची शंका

एनआयएचने २०१३ मध्ये 'बेस्ट' या नावाने ओळखला जाणारा उपक्रम सुरू केला. २०१३ व २०१४ या दोन वर्षांत मिळून १७ संस्थांना त्याअंतर्गत अनुदान मिळाले. औषध उद्योग, नियमन, विज्ञान लेखन, अध्यापन, धोरण अशा क्षेत्रांची ओळख, अल्पकालीन प्रत्यक्ष अनुभव आणि कार्यशाळा असे त्याचे स्वरूप होते.

अशा उपक्रमांविषयी मार्गदर्शकांची एक शंका असते आणि ती अनाठायी म्हणता येत नाही. विद्यार्थी कार्यशाळांना जाऊ लागला, तर प्रयोग मागे पडतील आणि पदवी लांबेल, असे त्यांना वाटते. २०२१ मध्ये 'पीएलओएस बायॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या दहा संस्थांच्या अभ्यासाने या शंकेचे उत्तर दिले. कारकीर्द विकासाच्या कार्यक्रमांत भाग घेतल्याने विद्यार्थ्यांचा पदवीचा कालावधी वाढला नाही आणि त्यांच्या शोधनिबंधांची संख्याही घटली नाही, असे त्यात आढळले.

पोस्टडॉकच्या बाबतीत कालमर्यादेचा प्रश्न अधिक कळीचा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये एनआयएचच्या सल्लागार समितीने पोस्टडॉकचे किमान वेतन वार्षिक ७०,००० डॉलर करावे आणि कालावधी पाच वर्षांपुरता मर्यादित ठेवावा, अशी शिफारस केली. त्यानंतर २०२४ मध्ये एनआयएचच्या प्रशिक्षण अधिछात्रवृत्तीचा प्रारंभिक दर ६१,००८ डॉलर ठरविण्यात आला.

परदेशी पोस्टडॉकसाठी आणखी काही गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. ही प्रशिक्षण अधिछात्रवृत्ती केवळ अमेरिकेचे नागरिक व कायम निवासी यांनाच मिळते. २००६ मध्ये सुरू झालेली 'के-९९/आर-००' ही स्वतंत्र संशोधनाकडे नेणारी योजना मात्र परदेशी नागरिकांनाही खुली ठेवण्यात आली. २०२५ मध्ये तेथील अनेक संशोधन अनुदाने रद्द झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क जाहीर झाले. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याने परतीचा विचार जाण्यापूर्वीच करणे किती आवश्यक आहे, हे यावरून स्पष्ट होते.

भारतीय संदर्भ

भारतात या क्षेत्राच्या काही जमेच्या बाजू आहेत. परतणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी अधिछात्रवृत्ती २००६-०७ मध्ये सुरू झाली. २००८ मध्ये जैवतंत्रज्ञान विभाग व वेलकम ट्रस्ट यांची 'इंडिया अलायन्स' अस्तित्वात आली. २०१२ मध्ये 'बायरॅक'ची स्थापना झाली. तिच्या एका योजनेतून नवकल्पनेला ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू लागले. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मासिक ३७,००० रुपये व ज्येष्ठ अधिछात्रवृत्ती ४२,००० रुपये झाली.

विद्यापीठाबाहेरील कामाचे महत्त्वही महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून उभ्या राहिलेल्या 'इम्युनोॲक्ट' या कंपनीच्या कार-टी उपचारपद्धतीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्याने विकसित झालेला हा उपचार रुग्णापर्यंत पोहोचण्यासाठी शोधाइतकीच उत्पादन, गुणवत्ता नियंत्रण, वैद्यकीय चाचण्या आणि नियमन यांची जाण असलेली माणसे लागतात. जैववैद्यक पीएच.डी.धारकांचे हेही कार्यक्षेत्र आहे. त्याला 'पर्यायी' म्हणणे म्हणजे त्याचे मोल आधीच कमी करणे होय. कातालिन कारिको २०१३ मध्ये बायोएनटेक या कंपनीत रुजू झाल्या आणि २०२३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, हेही येथे स्मरणीय आहे.

मार्गदर्शकाने करावयाच्या गोष्टी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा व सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. प्रत्येक विद्यार्थ्याने दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावयाची असते. म्हणजे विद्यार्थ्याशी नियमित बोलण्याची चौकट आपल्याकडे उपलब्ध आहे. तिचा उपयोग पुढीलप्रमाणे करता येईल.

१. वर्षातून एकदा केवळ कारकिर्दीविषयी स्वतंत्र चर्चा करावी. प्रयोगांच्या प्रगतीची चर्चा त्या दिवशी करू नये.

२. विभागातून पीएच.डी. झालेले विद्यार्थी आज कोठे कार्यरत आहेत, याची नोंद ठेवावी आणि ती प्रवेशापूर्वीच नव्या विद्यार्थ्यांना दाखवावी.

३. पोस्टडॉकला जाण्याचा हेतू विद्यार्थ्याकडून लिहून घ्यावा. दुसरे काही सुचत नाही म्हणून पोस्टडॉक करणे, हा हेतू होऊ शकत नाही.

४. क्षेत्रनिहाय पूर्वतयारी सांगावी. पेटंट अभिकर्ता होण्यासाठी विज्ञानाची पदवी व पात्रता परीक्षा लागते. वैद्यकीय चाचण्यांच्या क्षेत्रात त्यासंबंधीच्या आचारनियमांचे प्रशिक्षण लागते. लेखनाच्या क्षेत्रात प्रसिद्ध झालेले लेखन लागते.

५. विद्यार्थिनींच्या बाबतीत पोस्टडॉकची वर्षे आणि कुटुंबाच्या जबाबदारीची वर्षे एकाच वेळी येतात, याची जाणीव ठेवावी. खंड पडलेल्या महिला शास्त्रज्ञांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या योजना आहेत. त्यांची माहिती खंड पडण्यापूर्वीच द्यावी.

समारोप

सर्व विद्यार्थ्यांना प्राध्यापकपद मिळवून देणे कोणत्याही मार्गदर्शकाच्या हाती नाही. परंतु पहिल्याच वर्षी त्यांना खरी परिस्थिती सांगणे निश्चितच त्याच्या हाती आहे. प्रबंध सादर करतानाच आपण पुढे काय करणार आहोत व कशासाठी, हे विद्यार्थ्याला सांगता आले, तर त्याचे प्रशिक्षण पूर्ण झाले असे म्हणता येईल. ते सांगता येत नसेल, तर प्रबंध कितीही उत्तम असला तरी मार्गदर्शनाचा एक भाग अपुरा राहिला, असेच मानावे लागेल.