विश्लेषण : गाडी आली, तरी फाटकाचे दिवे का लागत नाहीत?

अमेरिकेत शिकागो ते कार्बनडेल मार्गावर ‘अ‍ॅमट्रॅक’च्या गाड्यांना एक चमत्कारिक अट घातली गेली. गाडीला किमान 32 अ‍ॅक्सल हवेत, म्हणजे इंजिन धरून आठ डबे. प्रवासी नसले तरी डबे जोडायचेच! कारण, छोटी गाडी आली की वाटेतल्या फाटकांना ती कळेलच, याची रूळमालक कंपनी ‘कॅनेडियन नॅशनल’ला खात्री नव्हती.

फाटकाला गाडी कळते कशी?

तिथल्या बहुतेक फाटकांवर माणूस नसतो. रुळांतून सौम्य वीजप्रवाह सोडलेला असतो. गाडीची चाके आणि अ‍ॅक्सल दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह मधूनच परततो, रिले ड्रॉप होतो आणि दिवे, घंटा सुरू होतात. विल्यम रॉबिन्सन यांचे हे 1872चे पेटंट. आजची यंत्रे गाडीचा वेगही मोजतात, पण मूळ तत्त्व तेच. खरी हुशारी पुढेच आहे. तार तुटली तरी रिले ड्रॉपच होतो. त्यामुळे बिघाड झाला तर बहुधा दिवे उगाचच लागतात.

मग घोटाळा कुठे?

गंजात. गाड्या कमी धावतात तिथे रुळावर गंज चढतो, कुठे पानांचा चिकट थर बसतो. चाक रुळावर असते, पण वीज पलीकडे जात नाही. यंत्रणेच्या लेखी रूळ रिकामा! काहीच तुटलेले नसल्याने ‘फेल-सेफ’ रचनेलाही पत्ता लागत नाही. लांब, जड गाडीची चाके हा थर चिरडण्याची शक्यता जास्त, म्हणून 32 अ‍ॅक्सल. दुसरे कारण माणूस. दुरुस्तीच्या वेळी लावलेली जंपर वायर काढायची राहिली, तर रिले ड्रॉप होतच नाही.

नियमानुसार तिथे गाडी पोहोचण्याआधी किमान 20 सेकंद इशारा मिळायला हवा. तो चुकला तर रेल्वे कंपनीने 15 दिवसांत सरकारला कळवायचे.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे फाटक गेटमनच्या हाती असते. ते ‘इंटरलॉक’ असेल तर बंद झाल्याशिवाय गाडीला हिरवा सिग्नल मिळत नाही. तमिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पमला 8 जुलै 2025 रोजी गाडीने स्कूल व्हॅनला धडक दिली, तीन विद्यार्थी गेले. ते फाटक इंटरलॉक नव्हते.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांसाठी : फाटकाजवळ निळी पाटी असते. तिच्यावर फोन नंबर आणि त्या फाटकाचा क्रमांक असतो. गाडी आली तरी दिवे लागले नाहीत किंवा तुमची कार रुळावर अडकली, तर आधी रुळापासून दूर व्हा आणि त्या नंबरवर फोन करा.